कोंड्याचा मांडा

पहिल्यांदा त्या कोंड्यात हात घातला तेव्हा मी अंगठी काढायला विसरले. थंड, ओलसर, रेवाळ असं काहीतरी बोटांच्या बेचक्यांत शिरलं आणि मी दचकून हात बाहेर ओढला, तर बोट मोकळं. शेजारच्या आजींनी माझ्या हाताकडे पाहिलं, मग बरणीकडे, आणि हसत सुटल्या. त्यांच्या सासूबाईंकडून आलेला, पन्नास-पंचावन्न वर्षं रोज ढवळलेला तो कोंडा आम्ही दोघींनी मिळून मोठ्या पातेल्यात उपसला. अंगठी तळाशी सापडली, एका गंजक्या खिळ्याशेजारी. खिळा तिथं काय करतोय हे विचारण्याइतकं जपानी तेव्हा मला येत नव्हतं.

ही गोष्ट २०२२ च्या मे महिन्यातली, कोकुरातली. कोकुरा म्हणजे क्युशू बेटाच्या उत्तर टोकाला असलेल्या किताक्युशू शहराचा जुना, गजबजलेला भाग. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही वर्षभर आधी इथं आलो होतो. मी मालवणकडची, त्यामुळे नव्या गावात आधी मासळी बाजार शोधायचा हा शिरस्ता. तो सापडायला वेळ लागला नाही. कान्ताके नदीला खेटून, काही दुकानं तर नदीच्या पात्रावरच आलेली, असा तांगा नावाचा शंभरेक वर्षांचा बाजार आहे. ‘किताक्युशूचं स्वयंपाकघर’ म्हणतात त्याला. तिथं एका दुकानात ट्रेमध्ये शिजवलेले मासे होते आणि त्यांच्यावर चिखलासारखं काहीतरी तपकिरी थापलेलं होतं. दिसायला अगदीच बेंगरूळ. पण मासे ओळखीचे होते: एका ट्रेमध्ये सबा, म्हणजे आपल्या बांगड्याच्या भाऊबंदकीतला, आणि दुसऱ्यात इवाशी, म्हणजे तारलीच्या घरातली. घेतले दोन्ही.

घरी येऊन भाताबरोबर खाल्ले. काटे इतके शिजलेले की जिभेनंच मोडावेत. आधी सोया सॉसचा गोडवा लागला (क्युशूचा सोया सॉस मुळात गोडसर), मग आल्याचा झटका, आणि त्याच्या मागून एक आंबूस, खोल चव. आणखी एक काहीतरी होतं, ओठांना जरा बधिर करणारं, जे मला ओळखीचं वाटलं पण नाव सापडेना. पदार्थाचं नाव नुकादाकी. ‘नुका’ शब्द फोनवर शोधला तर अर्थ निघाला तांदळाचा कोंडा. आमच्याकडे कोंडा म्हशीला घालतात. कोंड्याचा मांडा करावा हे लहानपणापासून ऐकलं होतं, पण कुणी खरोखर करत असेल असं वाटलं नव्हतं.

२०२२ च्या एप्रिलमध्ये त्याच बाजाराला मोठी आग लागली, आणि सावरतो न सावरतो तोच ऑगस्टमध्ये दुसरी. मधल्या काळात आमची नुकादाकी बंद झाली. एकदा जिन्यात मी आजींना मोडक्यातोडक्या जपानीत म्हणाले, की आता नुकादाकी कुठं मिळेल? आजी म्हणाल्या, “मिळेल कशाला? करायची.” (इथं मी त्यांना आडनावापुढे ‘सान’ लावूनच बोलावते, मनात मात्र त्या आजीच.) नुकादाकी करायची तर आधी नुकादोको हवा. दोको म्हणजे अंथरूण. कोंड्याचं अंथरूण, ज्यात भाज्या झोपवून मुरवायच्या. त्याच अंथरुणातला डावभर कोंडा माशात घालायचा, की झाली नुकादाकी. जपानभर लोक कोंड्यात भाज्या मुरवतात, पण मुरवणीचा कोंडाच मसाला म्हणून कालवणात घालायची रीत इथल्या लोकांची. ओगासावारा तादाझाने हा सरदार १६३२ मध्ये कोकुराला आला आणि त्याच्याबरोबर ही कोंड्याची आवड आली असं इथं सांगतात.

कोंडा आणायला आजी मला घेऊन गेल्या त्या जागेनं मला वेड लावलं. रस्त्याच्या कडेला टेलिफोन बूथहून थोडी मोठी खोली. आत यंत्र. शंभर येनची नाणी टाकायची, तपकिरी तांदूळ ओतायचा, पॉलिश किती हवं ते बटण दाबायचं, पायानं पट्टी दाबली की खाली पिशवीत पांढरा तांदूळ. निघालेला कोंडा मागच्या खोलीत साठतो आणि तो हवा तेवढा फुकट न्या. आमच्या गावच्या गिरणीतला पिठाचा धुरळा, पट्ट्याची फटफट, गिरणवाल्याच्या पापण्यांवरची पांढरी पूड, यातलं इथं काहीच नाही. पण पिशवीत हात घातला तर कोंडा कोमट होता आणि वास तोच. आजी म्हणाल्या, कोंडा ताजाच घ्यायचा, त्यात तेल असतं, चार दिवसांत खवट होतो.

प्रमाण असं: किलोभर कोंड्याला १३० ग्रॅम मीठ आणि साधारण लिटरभर पाणी. पाणी मिठासकट उकळून पूर्ण गार करायचं आणि थोडं थोडं घालत कोंडा भिजवायचा. थालीपिठापेक्षा सैल नको; मूठ आवळली की बोटांतून जेमतेम पाणी डोकवावं. त्यात बोटभर लांब कोंबूचा तुकडा, म्हणजे वाळवलेलं समुद्री शेवाळ, आणि तीन-चार सुक्या मिरच्या. शेवटी आजींनी आपल्या बरणीतला मूठभर कोंडा काढून माझ्या कोंड्यात मिसळला. मला एकदम घरच्यासारखं वाटलं. हे तर विरजण. जपानी नाव वेगळं आहे, पण मी आजही विरजणच म्हणते आणि आता आजींनाही तो शब्द येतो. ‘बिराजान’ असा म्हणतात.

बरणीचं मात्र घोडं अडलं. मी प्लास्टिकचा डबा घेऊन बसले होते. आजींनी नाक मुरडलं नाही, पण शनिवारी त्यांचा मुलगा आम्हाला गाडीनं कोइशिवाराला घेऊन गेला. फुकुओका प्रांतातल्या तोहो गावातलं हे कुंभारांचं ठिकाण, डोंगरात. १६८२ पासून इथं भट्ट्या आहेत आणि साठवणीची मोठी भांडी ही त्यांची जुनी ओळख. चाकावर फिरणाऱ्या ओल्या भांड्याला कुंभार लवचीक पोलादी पात्याचं टोक नुसतं टेकवतो. पातं थरथरत उड्या मारतं आणि एकसारख्या बारीक खुणांच्या रांगा भांडंभर उमटतात. दोन मिनिटांचा खेळ, पण नजर हटत नाही. मी घेतलेली बरणी तपकिरी, आत-बाहेर झिलई दिलेली, पाच किलो मावेल एवढी. लोणच्याला आईच्या चिनी मातीच्या बरण्या आणि इथं ही, कारण एकच: मीठ आणि आंबट एकत्र राहणार, धातू टिकायचा नाही. झाकण लाकडी मिळालं. मी वर दादरा बांधला. आजींनी गाठ निरखून पाहिली.

आता खरी परीक्षा. पहिले दहा-बारा दिवस जे मुरवायचं ते खायचं नाही. कोबीची बाहेरची पानं, मुळ्याचा पाला, गाजराची देठं कोंड्यात पुरायची, तीन-चार दिवसांनी पिळून त्यांचं पाणी आतच सोडायचं आणि चोथा टाकायचा. याला सुतेझुके म्हणतात, टाकण्यासाठी घातलेली भाजी. भाजी जंतूंना खाऊ घालते आणि स्वतः कचऱ्यात जाते. दिवसातून दोनदा हातानं ढवळायचं, तळातलं वर, वरचं तळाशी, मग पृष्ठभाग तळहातानं दाबून सपाट करायचा आणि बरणीच्या कडा पुसून घ्यायच्या. चमचा चालत नाही. हाताला तळाची ऊब कळते, घट्ट-सैल कळतं. पहिल्या आठवड्यात वास नुसत्या ओल्या पेंडीचा होता. नवव्या दिवशी झाकण उघडलं आणि दह्याच्या भांड्यासारखा आंबटसर वास आला. मी धावत जाऊन आजींची बेल वाजवली.

पहिली काकडी मिठानं चोळून सकाळी पुरली, संध्याकाळी काढली, धुतली, कापली. हिरवा रंग गडद झालेला, फोड वाकवली तर न मोडता वाकली, आणि दातांखाली मात्र करकरीत. खारट, आंबट, आणि मागे धान्याची चव. त्या उन्हाळ्यात मी मिळेल ते पुरलं. भेंडी झकास होते. कारलं, तेही कोवळं, चकत्या करून, आमच्या घरात पहिल्या क्रमांकावर. बटाटा कच्चा पुरू नका. टोमॅटो फुटून बरणीत सांडला आणि दोन दिवस सगळ्याला गुलाबी छटा होती. वांग्यामुळे तर खिळ्याचं कोडं सुटलं: वांगं कोंड्यात मुरलं की जांभळा रंग उतरून मळकट होतो, लोखंड असलं की तो टिकतो. म्हणून तो खिळा.

खिळ्यावरून आजींनी एक म्हण सांगितली. ‘कोंड्यात खिळा’, म्हणजे कितीही ठोका, काही उपयोग नाही. आपलं पालथ्या घड्यावर पाणी. कोंडा इथल्या भाषेत भलताच मुरलेला आहे. ‘कोंड्याचा आनंद’ म्हणजे हाती लागता लागता निसटलेला आनंद. कुणी बेसूर गायलं की म्हणायचं, ‘नुकामिसो नासेल’ (नुकामिसो म्हणजे हाच मुरलेला खारा कोंडा). आणि संसारात बुडालेल्या, नटणं-मुरडणं सोडलेल्या बाईला ‘नुकामिसोचा वास येणारी’ म्हणतात. हे शेवटचं सांगताना आजींनी स्वतःचा हात हुंगला आणि डोळे मिचकावले. शब्द कुणी बनवला असेल ते सांगायला नकोच. रोज बरणीत हात बाईनं घालायचा आणि वासाबद्दल बोलायचं दुसऱ्यानंच.

आमच्या घरी उलट होतं. लोणच्याच्या बरणीला महिन्यातले चार दिवस हात लावायचा नाही, सावलीसुद्धा नको, लोणचं नासतं. मी बारा-तेरा वर्षांची असताना एकदा चुकून दादरा सोडला होता, त्यावरून माझ्या आजीनं जे केलं ते अजून आठवतं. लोणचं अर्थातच नासलं नाही. इथं शिकवण अशी की एक दिवस जरी हात लावला नाही तर बिघडेल, आणि प्रत्येक घरच्या हाताची चव वेगळी. चार दिवस सुट्टी हा प्रश्नच नाही. कधीकधी वाटतं, सुट्टी तरी चांगली होती.

कोकुरातच, काजिमाची भागात, मोरी ओगाई यांचं घर जपून ठेवलेलं आहे. जपानचे मोठे लेखक, पण पेशानं लष्करी डॉक्टर. १८९९ ते १९०२ ते इथल्या लष्करी तुकडीचे वैद्यकीय प्रमुख होते. मी ते घर बघायला गेले ते कोंड्यापायीच. त्या काळी पॉलिश केलेल्या पांढऱ्या भातावर जगणाऱ्या सैनिकांना बेरीबेरी व्हायचा. नौदलानं जेवणात बार्ली वगैरे आणून तो जवळजवळ हटवला होता, पण सैन्यातल्या डॉक्टरांना, ओगाईंनाही, आहाराचं कारण पटत नव्हतं; पांढरा भात चालूच राहिला. १९०४-०५ च्या रशियाविरुद्धच्या युद्धात हजारो जपानी सैनिक या रोगानं गेले. १९१० मध्ये सुझुकी उमेतारो यांनी रोग आटोक्यात आणणारं द्रव्य वेगळं काढलं, तेच आजचं बी-१ जीवनसत्त्व, आणि काढलं कशातून, तर तांदळाच्या कोंड्यातून. कोंड्यात मुरलेल्या काकडीत ते उतरतं. त्या टुमदार घराच्या ओसरीवर बसून मी आजूबाजूच्या घरांकडे पाहत होते. डॉक्टरसाहेब इथं राहत होते तेव्हा त्या प्रत्येक घरात एक बरणी असणार.

माझी बरणी मी २०२३ मध्ये जवळजवळ मारली. गणपतीला तीन आठवडे गावी गेलो. आजींनी दोनदा सांगितलं होतं: भाज्या सगळ्या काढ, वर बोटभर मिठाचा थर दे आणि फ्रिजमध्ये ठेव. मिठाचा थर दिला, तोही हात आखडून, आणि बरणी फ्रिजमध्ये मावेना म्हणून ओट्याखालच्या कपाटात सरकवली. सप्टेंबरात कोकुरा चांगलंच तापलेलं असतं. परत आलो, दार उघडलं आणि बॅग हातात असतानाच नवरा म्हणाला, “कुणाचे मोजे राहिलेत?”

दादरा सोडला. वर पांढरी, सुरकुतलेली साय. वास नेलपॉलिश पुसायच्या द्रवाचा. धीर करून मनगटापर्यंत हात घातला तर तळातून मोज्यांचा भपकारा. मी सरळ कचऱ्याची पिशवी काढली. मग वाटलं, हे विरजण माझं नाही. आजींच्या सासूबाईंचं आहे. मान खाली घालून बरणी उचलून त्यांच्या दारात गेले.

आजी जमिनीवर मांडी घालून बसल्या, बरणीत तोंड घातल्यासारख्या वाकल्या आणि शांतपणे हुंगत राहिल्या. “मेलेला नाही,” त्या म्हणाल्या. “रुसलाय.” पांढरी साय ही बुरशी नव्हे, हवा आवडणारं यीस्ट, चेहरा वाईट पण विषारी नव्हे. (काळी किंवा लाल बुरशी दिसली तर मात्र सगळा कोंडा फेकायचा.) वर यीस्ट, मध्ये दही लावणाऱ्यांची भावंडं, तळाशी हवा नको असणारे, मोज्यांच्या वासाचे. रोज ढवळतात ते एवढ्याचसाठी, की कुणी एकानं डोक्यावर बसू नये. तीन आठवडे मी ढवळलं नव्हतं आणि वरचे-खालचे दोघेही माजले होते.

त्यांनी वरचा दोन-तीन बोटं थर चमच्यानं काढून टाकला, बाकीचा कोंडा पसरून मोकळा केला, दोन ओंजळी ताजा कोंडा, मूठभर मीठ आणि दोन चमचे मोहरीची पूड घातली. अंड्याचं कवच धुऊन, वाळवून, चुरून टाकलं. त्यानं आंबटपणा मारला जातो. पुन्हा कोबीची पानं, पुन्हा सुतेझुके. दहा दिवस मी दिवसातून दोनदा ढवळत होते आणि नवरा खिडक्या उघडत होता. अकराव्या दिवशी काकडी पुरली. चव पहिल्यापेक्षा उग्र होती, पण बरी होती. आजींनी एक फोड खाल्ली, दुसरी घेतली, काही बोलल्या नाहीत. दुसरी घेतली हे मी डोक्यात ठेवलं.

तोवर नुकादाकीही जमायला लागली होती. सबाचे तुकडे करून त्यांवर उकळतं पाणी ओतायचं, रक्त आणि खवले धुऊन टाकायचे. भरपूर आल्याचे काप, साके (तांदळाची दारू), मिरिन (तिचाच गोड प्रकार), साखर, सोया सॉस आणि बुडेल एवढं पाणी. उकळी फुटली की आच मंद. पंधरा-वीस मिनिटांनी बरणीतला दोन डाव कोंडा त्याच रसात कालवून घालायचा आणि तासभर, पुढेही, मासा मोडू न देता शिजू द्यायचा. मी भांडं नुसतं हलवते, चमचा घालत नाही, तिखल्याला आई करते तसं. काढलेल्या कोंड्याच्या जागी बरणीत नवा कोंडा आणि मीठ जातं. म्हणजे बरणी रिकामी होतच नाही, आणि जुनीही राहत नाही.

२०२४ च्या जूनमध्ये आई आली. मिरगाच्या आधी निघाली आणि इथल्या पावसाळ्याच्या तोंडावर उतरली, त्यामुळे काही सुटल्यासारखं तिला वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठायच्या आत तिनं ओट्याखालची बरणी शोधून काढली होती. दादरा सोडून, पदर खोचून, नाक आत. त्याच आठवड्यात आजींनी मला हिरव्या सान्शोचे घोस दिले होते. मिरीएवढी हिरवी फळं, कोंड्यात टाकली की कीड लागत नाही आणि वास सुधारतो म्हणून. मी ती आदल्या रात्री ढवळताना टाकली होती.

“गो,” आई म्हणाली, “ह्यात तिरफळां आसत.”

मी म्हटलं, नाही गं, ही सान्शो. तिनं एक फळ काढून चावलं आणि ओठ दाबून माझ्याकडे बघत राहिली. मीही एक चावलं. तीन वर्षांपूर्वी तांगा बाजारातल्या माशात जे ओळखीचं लागलं होतं आणि नाव सापडत नव्हतं, ते हे. नंतर शोधलं तर सान्शो आणि तिरफळ एकाच कुळातली, एकाच घराण्यातली झाडं निघाली. तिरफळ आम्ही बांगड्यात घालतो. हे लोक सबात घालतात.

त्या संध्याकाळी आईनं सबाचं तिखलं केलं, सोबत आणलेल्या पाकिटातली सुकी तिरफळं ठेचून. आजींना बोलावलं. दोघींची भाषा एक नाही, मी मध्ये दुभाषी, पण जेवणापुरतं माझं फारसं काम पडलं नाही. आजींनी पहिला घास घेतला, पाणी प्यायल्या, दुसरा घास घेतला. मग ओठांवर बोट फिरवत म्हणाल्या, “बिरीबिरी.” म्हणजे झिणझिण्या. आई म्हणाली, “हां, तीच.”

जेवण झाल्यावर आईनं आजींच्या बरणीत हात घालून पाहिला, बांगड्या कोपरापर्यंत सरकवून. “मीठ कमी हा,” असा निकाल दिला. मी ते भाषांतर केलं नाही. आजींनी विचारलं काय म्हणाल्या, तर सांगितलं, छान आहे म्हणाली. आजींनी पाकिटातली चार तिरफळं मागून घेतली, त्यांतल्या काळ्या बिया काढून टाकायच्या हे आईकडून हातवाऱ्यांनी समजून घेतलं, आणि पन्नास वर्षांच्या त्या कोंड्यात चारही साली खोल, खिळ्यापर्यंत दाबून दिल्या.